कारखान्याच्या सभेतून विधिमंडळात : वसंतदादा पाटील यांची राजकीय कारकीर्द

मुंबई प्रांतात १९३७ साली काँग्रेसचे पहिले मंत्रिमंडळ आले तेव्हापासून पुढील दोन दशके ग्रामीण महाराष्ट्राची गाऱ्हाणी कायदेमंडळात मांडली जात होती खरी, परंतु ती मांडणारा सभासद बहुधा तालुक्याच्या कोर्टातून आलेला वकील असे. मुख्यमंत्रिपदाची परंपराही याच वळणाची होती. बाळासाहेब खेर सॉलिसिटर होते, मोरारजी देसाई पूर्वाश्रमीचे सरकारी अधिकारी होते, आणि यशवंतराव चव्हाण, वसंतराव नाईक व शंकरराव चव्हाण या तिघांनीही कायद्याची पदवी घेतली होती. या मालिकेत मारोतराव कन्नमवार हे ठळक अपवाद ठरतात. १९७७ साली या पदावर आलेले वसंतराव बंडूजी पाटील, म्हणजेच वसंतदादा, हे सातवी इयत्तेपर्यंत शिकलेले कृष्णाकाठचे शेतकरी होते. त्यांची राजकीय घडण सभागृहातील वादविवादात झाली नव्हती, ती साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झाली होती, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवली तर त्यांच्या कारकिर्दीतील मोठी कामे आणि मोठे पराभव या दोहोंची मुळे एकाच ठिकाणी सापडतात.

वसंतदादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी कोल्हापुरात झाला, मात्र त्यांचे गाव सांगलीजवळचे पद्माळे. आई-वडील प्लेगच्या साथीत गेले तेव्हा ते तान्हे होते आणि पुढे त्यांचा सांभाळ आजीने केला. पद्माळे हे कृष्णेच्या काठचे, काळ्या जमिनीचे गाव असल्याने माण किंवा जत भागातील शेतकऱ्याच्या वाट्याला येणारा कायमचा दुष्काळ तिथे नव्हता. पण नदी दाराशी असूनही तिचे पाणी उंच काठावरच्या रानात चढवण्याचे साधन बहुतेकांपाशी नव्हते, त्यामुळे मोटेच्या विहिरीवर जेवढे भिजेल तेवढेच बागायत होई. ऊस, हळद आणि गूळ हा या भागाचा पैसा. हळद साठवण्यासाठी सांगलीलगतच्या हरिपुरात जमिनीत खोल खणलेली पेवे होती, गुऱ्हाळांतून निघालेला गूळ सांगलीच्या पेठेत येई, आणि मालाचा भाव ठरवणारा अडत्या, म्हणजे कमिशनवर विक्री करून देणारा दलाल, हाच पुष्कळदा शेतकऱ्याला हंगामापूर्वी उचल देणारा सावकारही असे. पिकवणाऱ्याच्या हाती माल असेपर्यंत किंमत नसते आणि किंमत येते तेव्हा माल नसतो, हा अनुभव या शेतकऱ्यांना दरवर्षी नव्याने येत होता, आणि वसंतदादांचे पुढचे अर्थकारण मुख्यतः या अनुभवातून निघाले.

सांगली त्या काळी पटवर्धनांचे संस्थान होते. संस्थानी प्रजेला ब्रिटिश मुलखातील चळवळीत उडी घेण्यासाठी जवळची हद्द ओलांडावी लागे, आणि वसंतदादांच्या पिढीतील तरुणांनी ती वारंवार ओलांडली. १९३० च्या कायदेभंगाच्या काळात ते अगदी कोवळ्या वयाचे होते, १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात ते सहभागी होते, आणि १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात त्यांनी भूमिगत राहून तारा तोडणे व दळणवळण विस्कळीत करणे अशा कामांचे नेतृत्व केले. जून १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि त्यांना सांगलीच्या किल्ल्यातील तुरुंगात ठेवण्यात आले. २४ जुलै १९४३ रोजी त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांवर मात करून बंदुका हस्तगत केल्या आणि तटावरून खंदकात उड्या घेऊन तुरुंग फोडला. भर पावसाळ्याचे दिवस होते व कृष्णेला पूर होता. पाठलागात झालेल्या गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे व बाबुराव जाधव हे दोघे ठार झाले आणि वसंतदादा खांद्याला गोळी लागून पुन्हा पोलिसांच्या हाती पडले. त्यांची सुटका १९४६ साली झाली. सांगली परिसरातील जनमानसात या प्रसंगाने त्यांना जे स्थान मिळवून दिले ते पुढील चार दशकांच्या निवडणुकांत कधीच पूर्णपणे ओसरले नाही, आणि कोणत्याही पक्षश्रेष्ठीने दिलेले नसल्यामुळे ते कोणाला काढूनही घेता आले नाही.

याच काळात शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली ‘प्रतिसरकार’ उभे होते, म्हणजे गावोगाव स्वतःची न्यायव्यवस्था व पंचायत चालवणारी समांतर सत्ता. स्वातंत्र्यानंतर या चळवळीतील अनेक कार्यकर्ते, काँग्रेसमध्ये शेतकऱ्याला न्याय मिळणार नाही या भावनेने, केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षाकडे वळले. वसंतदादांची सामाजिक पार्श्वभूमी आणि त्यांचे चळवळीतील स्वरूप पाहता तेही तिकडे गेले असते तर नवल वाटले नसते. ते काँग्रेसमध्येच राहिले, आणि या निवडीचा अर्थ पुढील दशकात उघड होत गेला : जमिनीच्या फेरवाटपासाठी लढणाऱ्या पक्षापेक्षा, हाती आलेल्या शासनयंत्रणेकडून परवाने, कर्जे आणि पाणी मिळवून देणारा पक्ष त्यांना शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाचा वाटला. ज्याच्याजवळ थोडी तरी जमीन आहे अशा शेतकऱ्याचे यात निश्चित कल्याण झाले. ज्याच्याजवळ जमीनच नव्हती, त्याच्यासाठी या मार्गात फारशी जागा नव्हती, हेही तितकेच खरे आहे, आणि त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही बाजू झाकून ठेवता येत नाही.

मार्च १९४८ मध्ये दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, पाठोपाठ जुना सातारा जिल्हा विभागून ‘दक्षिण सातारा’ हा नवा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. म्हणजे वसंतदादा ज्या जिल्ह्याचे नेते म्हणून ओळखले गेले तो जिल्हा त्यांच्या राजकारणाइतकाच नवा होता. तिथे सहकारी बँक, खरेदी-विक्री संघ, बाजार समिती अशा संस्था नव्याने उभारायच्या होत्या आणि त्यांवर कोणा जुन्या घराण्याचा पक्का हक्क बसलेला नव्हता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते सांगलीतून मुंबई विधानसभेवर निवडून आले. सभागृहात ते प्रभावी वक्ते म्हणून कधी गाजले नाहीत, आणि मंत्रिपद त्यांनी पुढील वीस वर्षे स्वीकारले नाही. या वीस वर्षांत त्यांनी जे केले त्याचे केंद्र मुंबईत नव्हते, सांगलीच्या शेतकरी सहकारी साखर कारखान्यात होते.

सहकारी साखर कारखाना ही संस्था कशी उभी राहते हे समजल्याशिवाय त्या काळचा ग्रामीण आमदार समजत नाही. याचा पहिला नमुना अहमदनगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील यांनी, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ व सहकारातील जाणकार वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने उभा केला आणि १९५० च्या सुमारास तिथे पहिले गाळप झाले. त्याची रचना अशी की, ऊस पिकवणारे शेतकरी भाग, म्हणजे शेअर, विकत घेऊन सभासद होत. त्यांच्या भागभांडवलाला जोड म्हणून राज्य सरकार स्वतःचे भाग घेई. यंत्रसामग्रीसाठी लागणारे मोठे कर्ज औद्योगिक वित्त महामंडळासारख्या संस्थेकडून मिळे आणि त्या कर्जाला राज्य सरकार हमी देई. कारखाना काढण्याचा परवाना मात्र त्या काळी केंद्र सरकारकडून आणावा लागे. या चार पायऱ्यांपैकी पहिली पायरी गावात असे आणि उरलेल्या तीन मुंबई-दिल्लीत. गावोगाव फिरून भाग गोळा करणारा आणि मंत्रालयात व दिल्लीत जाऊन हमी व परवाना आणणारा माणूस एकच असला पाहिजे, ही या रचनेतली गरज होती, आणि म्हणून आमदारकी व कारखान्याचे नेतृत्व ही दोन कामे महाराष्ट्रात एकाच व्यक्तीकडे जाऊ लागली. पुढे या एकत्र येण्यावर सत्तेच्या केंद्रीकरणाची रास्त टीका झाली. परंतु सुरुवातीच्या काळात त्यामागे लोभापेक्षा व्यवहाराची निकड अधिक होती, असे त्या वर्षांचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

सांगलीचा कारखाना पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात उभा राहिला आणि वाढत वाढत देशातील सर्वांत मोठ्या सहकारी कारखान्यांत त्याची गणना होऊ लागली. त्याचे परिणाम कृष्णाकाठच्या शेतीत अनेक अंगांनी दिसले. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात उसाचा साखर उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, अकरा-बारा टक्क्यांपर्यंत जातो आणि तो देशातील उत्तम उताऱ्यांपैकी आहे. गुऱ्हाळावर ज्याचा लाभ शेतकऱ्याला पुरता मिळत नव्हता तो हा निसर्गदत्त गुण कारखान्यामुळे त्याच्या ऊसबिलात उतरू लागला. दुसरे म्हणजे कारखान्याने नदीवरून पाणी उचलणाऱ्या सहकारी उपसा सिंचन योजनांना आधार दिला. या योजनांत काठावर पंप बसवून नळांतून पाणी उंच रानात नेले जाते, त्यासाठी बँक सभासदांना एकत्रितपणे कर्ज देते, आणि त्या कर्जाचे हप्ते उसाच्या बिलातून परस्पर वळते होत असल्याने बँकेला वसुलीची शाश्वती मिळते. मोटेवर अर्धा एकर भिजवणारा शेतकरी याच साखळीमुळे बागायतदार झाला. तिसरी गोष्ट ठेवींची. ऊसबिलातून टनामागे ठराविक रक्कम कापून ती सभासदाच्या नावे ठेवण्याची पद्धत कारखान्यांत रूढ झाली. काही ठेवी मुदतीनंतर परत मिळत आणि काही ‘बिनपरतीच्या’ असत, आणि या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते उभे राहिले. सरकारला कर वाढवताना जो विरोध होतो तो या कपातीला फारसा झाला नाही, कारण ती मंजूर करणारी सर्वसाधारण सभा सभासदांचीच होती आणि खर्च कुठे झाला ते येता-जाता दिसत होते.

वसंतदादांच्या नेतृत्वाची शैली या सभेत घडली. तिथे बोलणाऱ्याला उसाचा दर, कपात, वजनकाट्यावरील तक्रार, तोडणीच्या पाळीला झालेला उशीर यांची उत्तरे समोरासमोर द्यावी लागतात, आणि ऐकणारे सारे त्याच धंद्यातले असल्याने शब्दांनी त्यांचे समाधान होत नाही. सांगलीचा अनुभव गाठीशी घेऊन वसंतदादांनी इतर जिल्ह्यांतील कारखान्यांना परवाने, कर्जे व तज्ज्ञ मिळवून देण्यासाठी साहाय्य केले आणि राज्याच्या साखर कारखाना संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९६७ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. उसाच्या वाणांचे व साखर तंत्रज्ञानाचे संशोधन कारखान्यांनीच पैसे घालून करावे या विचारातून १९७५ साली पुण्याजवळ मांजरी येथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन झाली, आणि त्यांच्या निधनानंतर तिला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. फडातला ऊस आणि प्रयोगशाळेतला ऊस यांची गाठ पडली पाहिजे हे सातवी शिकलेल्या शेतकऱ्याने ओळखले होते, ही बाब आवर्जून नोंदवावी अशी आहे.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, त्यामुळे उमेदवारी वाटपात त्यांचा शब्द निर्णायक ठरू लागला आणि जिल्हा परिषदा, जिल्हा बँका व कारखाने यांतून आलेली नवी मंडळी विधिमंडळात दाखल झाली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या होत्या व त्यांनी ग्रामीण कार्यकर्त्याला मुंबईपूर्वीची एक पायरी उपलब्ध करून दिली होती. वकिलांचे विधिमंडळ शेतकऱ्यांचे होत गेले ते या दोन दशकांत, आणि या बदलामागे वसंतदादांइतके सातत्याने दुसरे कोणी काम केले असेल असे वाटत नाही.

१९७२ साली वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात ते पाटबंधारे मंत्री म्हणून दाखल झाले, आणि नेमके तेच वर्ष महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचे ठरले. दुष्काळी कामांवर लाखो लोक राबत असताना त्या श्रमांतून पाझर तलाव, बंडिंग आणि कालवे यांसारखी टिकाऊ कामे व्हावीत हा सरकारचा प्रयत्न होता. याच सुमारास कृष्णा पाणीवाटपाचा प्रश्न न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादापुढे होता. १९६९ साली नेमलेल्या या लवादाने १९७३ च्या अखेरीस निर्णय देऊन महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी वाटून दिले. वाट्याला आलेले पाणी अडवण्यासाठी धरणे बांधण्याची घाई महाराष्ट्राला यामुळे करावी लागली, आणि धरण कुठे बांधायचे यावरून सांगली जिल्ह्यातच एक तीव्र वाद पेटला. वारणा नदीवरील धरण खुजगावला व्हावे असा वाळव्याचे नेते राजारामबापू पाटील यांचा आग्रह होता, कारण तिथे मोठा साठा होऊन पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांपर्यंत पाणी नेता येईल असे त्यांचे म्हणणे होते. वसंतदादांनी वरच्या अंगाच्या चांदोलीची बाजू घेतली, आणि खाली धरण झाल्यास वारणा खोऱ्यातील सुपीक जमीन व गावे मोठ्या प्रमाणावर बुडतील हा त्या बाजूचा मुख्य युक्तिवाद होता. धरण अखेर चांदोलीलाच झाले व त्यात सुमारे ३४ टीएमसी पाणी साठते. बुडणाऱ्या शेतकऱ्याचा विचार करावा की तहानलेल्या शेतकऱ्याचा, असा हा पेच होता, आणि दोन्ही बाजूंना शेतकरीच असल्यामुळे त्याचे उत्तर कोणालाच निखळ समाधान देणारे नव्हते. त्यातून जिल्ह्याच्या राजकारणात जी दुफळी झाली ती मात्र दीर्घकाळ टिकली, आणि राजारामबापू पुढे जनता पक्षात गेले.

फेब्रुवारी १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. शंकरराव हे शिस्तीचे, नियमांवर बोट ठेवणारे प्रशासक होते आणि त्यांचा आधार मराठवाड्यात होता, तर वसंतदादांचा सारा आधार पश्चिम महाराष्ट्रातील सहकारात. हे दोन स्वभाव आणि दोन प्रदेश एका मंत्रिमंडळात फार काळ नांदले नाहीत. आणीबाणीच्या काळात वसंतदादांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आले व त्यांनी राजकारणातून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. परंतु मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील ४८ पैकी केवळ २० जागा काँग्रेसला मिळाल्या, शंकररावांना पद सोडावे लागले आणि विधिमंडळ पक्षाने निवृत्तीत गेलेल्या वसंतदादांना परत बोलावून मुख्यमंत्री केले. त्यांच्या या पहिल्या कारकिर्दीत राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्त्याच्या मागणीसाठी ५४ दिवसांचा संप झाला. ज्या नेत्याच्या मतदाराला महागाई भत्ता म्हणजे काय याचा कधी अनुभव नव्हता त्याला या मागणीची धग उशिरा जाणवली असावी, असे अनुमान करता येते.

फेब्रुवारी १९७८ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेस दुभंगली होती. वसंतदादा ब्रह्मानंद रेड्डी यांच्या काँग्रेसमध्ये राहिले आणि इंदिरा गांधींची काँग्रेस वेगळी लढली. २८८ जागांच्या सभागृहात जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. जनता पक्षाला सत्तेपासून दूर ठेवण्यासाठी दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्रात हे पद प्रथमच निर्माण झाले. सरकार पहिल्या दिवसापासून ओढाताणीत होते. तिरपुडे हे विदर्भातील नेते पश्चिम महाराष्ट्राच्या वर्चस्वावर उघडपणे टीका करीत आणि त्यांच्या टीकेचा रोख यशवंतराव चव्हाण यांच्यावर असे, त्यामुळे रेड्डी काँग्रेसमधील तरुण मंत्री अस्वस्थ झाले. जुलै १९७८ मध्ये अधिवेशन चालू असतानाच उद्योगमंत्री शरद पवार सुमारे चाळीस आमदारांसह बाहेर पडले, सरकार कोसळले, आणि १८ जुलै रोजी जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष व इतरांच्या साथीने ‘पुरोगामी लोकशाही दल’, अर्थात पुलोद, या आघाडीचे मुख्यमंत्री म्हणून चाळिशीही न गाठलेल्या पवारांनी शपथ घेतली. पाठीत खंजीर खुपसल्याचा आरोप राज्याच्या राजकारणात आजही उच्चारला जातो तो या घटनेच्या संदर्भात.

या पराभवाकडे केवळ विश्वासघाताची कथा म्हणून पाहिले तर त्यातील महत्त्वाचा भाग निसटतो. कारखान्याचा सभासद चेअरमनशी भागाने, ठेवीने आणि पुढच्या हंगामाच्या उसाने बांधलेला असतो. तो रागावला तरी आपला ऊस घेऊन दूर जाऊ शकत नाही. वसंतदादांनी आयुष्यभर माणसे जोडली ती या प्रकारच्या बांधिलकीच्या जोरावर, आणि दिलेला शब्द व पूर्वीचे उपकार स्मरून माणसे आपल्याबरोबर राहतील हा त्यांचा भरवसा होता. विधिमंडळ पक्षाची जुळणी निराळी असते. तिथल्या आमदारापाशी स्वतःचा मतदारसंघ, पुष्कळदा स्वतःचा कारखाना आणि स्वतःची बँक असते, आणि ही स्वायत्तता त्याला मिळवून देणाऱ्या संस्थांच्या उभारणीत वसंतदादांचाच मोठा वाटा होता. ज्या पद्धतीने त्यांनी नवे नेतृत्व घडवले त्याच पद्धतीने ते नेतृत्व त्यांच्यावाचून उभे राहण्याइतके समर्थ झाले होते.

त्यानंतर ते इंदिरा काँग्रेसमध्ये गेले, १९८० साली सांगलीतून लोकसभेवर निवडून आले आणि अखिल भारतीय काँग्रेसचे सरचिटणीस झाले. बॅरिस्टर अंतुले व बाबासाहेब भोसले यांच्या अल्पजीवी कारकिर्दींनंतर फेब्रुवारी १९८३ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. राज्याची स्थिती बिकट होती : डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप विझत चालला होता आणि त्याबरोबर गिरणगावही, आणि मे १९८४ मध्ये भिवंडी-मुंबईत दंगली झाल्या. विदर्भ व मराठवाड्यातील असंतोषाला उत्तर म्हणून त्यांच्या सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिने १९८४ साली विभागवार ‘अनुशेष’, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत राहिलेली विकासाची तूट, सुमारे ३,१८६ कोटी रुपये असल्याचे मोजून दाखवले. पश्चिम महाराष्ट्रातील नेत्याच्या सरकारने हे मोजमाप करवून घेतले याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. त्या मोजमापानुसार पैसा वळवण्याचे काम मात्र पुढील दशकांतही अपुरेच राहिले.

या कारकिर्दीतील सर्वांत दूरगामी निर्णय शिक्षणाचा होता. तोवर महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालये मोजकी होती आणि ज्यांना प्रवेश मिळत नसे असे, पैसा बाळगून असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थी देणगी भरून कर्नाटकातील खासगी महाविद्यालयांत जात. सरकारपाशी नवी महाविद्यालये काढायला पैसा नव्हता. वसंतदादांनी १९८३ साली विनाअनुदानित तत्त्वावर, म्हणजे सरकारी अनुदान न घेता विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणारी अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने काढायला परवानगी दिली. त्याच वर्षी प्रवरानगर परिसरातील लोणी, वारणानगर, इस्लामपूरजवळील साखराळे आणि सांगलीजवळील बुधगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये उघडली गेली. ही गावांची नावे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत, कारण साखर कारखाना आणि सहकार ज्या पट्ट्यात रुजला होता नेमक्या त्याच पट्ट्यातील ती आहेत. सरकारने परवाना द्यायचा, स्थानिक नेत्याने संस्था उभी करायची आणि भांडवल लाभार्थ्यांनी पुरवायचे, हे कारखान्याचे सूत्र जसेच्या तसे शिक्षणाला लावले गेले होते.

या सूत्रातील एक दुवा मात्र वाटेत गळाला. कारखान्यात पैसे भरणारा शेतकरी सभासद होता, त्याला मत होते आणि हिशेब मागण्याचा हक्क होता. महाविद्यालयात पैसे भरणारा पालक कशाचाही सभासद नव्हता. त्यामुळे सहकारात नेतृत्वावर जो थोडाफार अंकुश होता तो शिक्षणसंस्थांत उरला नाही आणि देणगीची प्रथा फोफावली. राज्याला १९८७ साली कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी घेतली जाणारी देणगी, प्रतिबंधित करणारा कायदा करावा लागला, आणि पुढे १९९२ व १९९३ साली कर्नाटक व आंध्र प्रदेशातील प्रकरणांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने या साऱ्या व्यवस्थेला वळण देणारे निकाल दिले. दुसऱ्या बाजूने हेही खरे की, खेड्यातल्या मुलामुलींना अभियंता होण्यासाठी पुण्या-मुंबईत राहण्याची अट या निर्णयाने संपवली, आणि नव्वदच्या दशकात संगणक व्यवसायाला जे मराठी मनुष्यबळ मिळाले त्याची पेरणी बऱ्याच अंशी इथे झाली. हा निर्णय चुकीचा नव्हता. परवाना देताना हिशेब मागणाऱ्याची व्यवस्था केली गेली नाही, हा त्यातला दोष होता, आणि ज्या माणसाने सर्वसाधारण सभेपुढे हिशेब देण्यात उमेदीची वर्षे घालवली होती त्याच्याकडून तो घडावा याची खंत वाटते.

मार्च १९८५ च्या निवडणुकीत काँग्रेसला पुन्हा बहुमत मिळाले. मुंबई महापालिकेची निवडणूक तोंडावर असताना मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी करण्याचा घाट घातला जात असल्याचा इशारा खुद्द मुख्यमंत्री वसंतदादांनी दिला, आणि त्याचा लाभ घेऊन शिवसेनेने महापालिका जिंकली. पुढे प्रदेशाध्यक्षपदी त्यांच्या मताविरुद्ध प्रभा राव यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांनी जून १९८५ मध्ये मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. दिल्लीने मुख्यमंत्री बदलणे हा त्या दशकाचा नित्यक्रम होता. प्रदेश काँग्रेस कोणाच्या हाती असावी या मुद्द्यावर स्वतःहून पद सोडणारा मुख्यमंत्री विरळा होता. नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांना राजस्थानचे राज्यपाल नेमण्यात आले. सक्रिय राजकारणापासून दूर ठेवण्याचा हा मानाचा मार्ग त्यांच्या प्रकृतीला मानवणारा नव्हता, आणि १९८७ साली मुदत संपण्यापूर्वीच ते पद सोडून महाराष्ट्रात परतले. तोवर शरद पवार काँग्रेसमध्ये परत आले होते आणि १९८८ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. १ मार्च १९८९ रोजी वसंतदादांचे निधन झाले.

सांगलीच्या कारखान्याला नंतर त्यांचे नाव देण्यात आले. परंतु उसासाठीची वाढती स्पर्धा, विस्तारासाठी काढलेली कर्जे आणि ऊसबिलांची थकबाकी यांच्या ओझ्याखाली तो खचत गेला, आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बँकेच्या थकीत कर्जापायी तो भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे चालवण्यास द्यावा लागला. आज त्या काट्यावर सभासदाचा ऊस पूर्वीप्रमाणेच तोलला जातो, पण त्याचा दर आणि गाळपाचे नियोजन ठरवण्याचा अधिकार सभासदांच्या सर्वसाधारण सभेकडे राहिलेला नाही.